वसईचा तह आणि चिमाजी अप्पा

लढाई जिंकणारे वीर पुष्कळ होतात; जिंकल्यावर हात आवरणारे विरळा. पालघर, बोईसर, तारापूर ह्या टापूतील वाचकांस ह्याचा दाखला दूर शोधावयास नको. चिमाजी अप्पांचे चरित्र त्यांच्या अंगणातीलच आहे.

अप्पा हे बाळाजी विश्वनाथांचे धाकटे चिरंजीव व थोरल्या बाजीरावांचे बंधू. १७२८ साली अमझेऱ्यास त्यांनी माळव्याच्या मोगल सुभेदाराचा पराभव केला. तथापि त्यांची कीर्ती राहिली ती उत्तर कोकणच्या मोहिमेने. १५३४ साली गुजराथच्या सुलतान बहादूरशहाने तह करून वसईचा मुलूख पोर्तुगीजांस दिला होता. त्या अमलात देवळे पडली, धर्मावर जुलूम झाला, आणि अखेर गंगाजी नाईक अंजूरकरांसारख्या येथील मंडळींनीच पेशव्यांकडे दाद मागितली. १७३७ साली ठाणे व साष्टी हाती आली. १७३९ च्या जानेवारीत माहीम, केळवे, तारापूर ही ठाणी पडली. तारापूरच्या तटाखाली बाजी भिवराव रेठरेकरांसारखा सरदार कामी आला. पुढे वसईचा वेढा मे महिन्यापर्यंत चालला. सुरुंग उडाले आणि हजारो माणसे खर्ची पडली.

इतके रक्त सांडल्यावर सूडाची भाषा सुचणे मनुष्यस्वभावास धरूनच होते. अप्पांनी मुलूख पुरा घेतला. उत्तर किनाऱ्यावर पोर्तुगीजांकडे प्रांत असा उरला नाही. दमण व दीव राहिले आणि चौल पुढच्याच वर्षी गेले. परंतु माणसांस त्यांनी अभय दिले. शिबंदीस शस्त्रे, निशाणे व वाद्यांसह बाहेर पडू दिले. जाणाऱ्या कुटुंबांस आपली चीजवस्तू नेण्याची मुभा दिली. राहणाऱ्यांस आपला धर्म पाळण्याची मोकळीक दिली. चर्चमधील घंटा विजयचिन्हे म्हणून देशावर गेल्या, व भीमाशंकर आणि मेणवली येथे त्या आजही दिसतात, हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. पण करार झाला तो मोडला नाही, आणि पराभूतांस वाट मोकळी मिळाली.

१९१९ साली व्हर्साय येथे जर्मनीवर जो तह लादला गेला, त्यात मुलुखाबरोबर मानही हिरावला गेला, आणि वीस वर्षांत जग पुन्हा युद्धात पडले. वसईस तसे झाले नाही. जे राहिले ते येथलेच झाले. वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ह्याहून मोठी विजयपताका कोणती?

अप्पा पस्तिशी न गाठताच १७४० च्या डिसेंबरात निवर्तले. त्यांनी मिळविलेले मात्र वारसांस राखता आले नाही. १७७४ साली घरच्या भाऊबंदकीचा लाभ घेऊन इंग्रजांनी ठाणे घेतले, १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी कायमची गेली, आणि १८०२ च्या ३१ डिसेंबरास त्याच वसईत दुसऱ्या बाजीरावांनी इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. त्रेसष्ट वर्षांत एकाच गावी विजयाचाही तह झाला आणि दास्याचाही. दुसऱ्याचे कारण शत्रूच्या बळात जितके होते, तितकेच आमच्या फुटीत होते.

आमचे सांगणे इतकेच. हुकूमनामा हाती येताच प्रतिपक्षाच्या चुलीवरही हात टाकणारा वादी खटला जिंकतो, पण शेजार गमावतो. हे अशिलास समजते, व्यापाऱ्यास समजते. समाजासही समजले पाहिजे. वसईचा विजय साजरा करणाऱ्यांनी तोफांचे वर्णन खुशाल करावे. परंतु तहाची कलमेही मुलांस वाचून दाखवावीत. ज्या पूर्वजांनी परक्यांसही दिलेला शब्द पाळला, त्यांच्या नावाने आज शेजाऱ्याच्या धर्माची वा जातीची हेटाळणी करणे, हा अप्पांचा गौरव नव्हे. तो त्यांनी पाळलेल्या कराराचा भंग होय.