ताराबाई मोडक

लेकराला अंगणवाडीत सोडताना ताराबाई मोडक यांचे स्मरण करावे. त्यांचा जन्म १८९२ साली मुंबईत झाला. १९२६ साली गिजुभाई बधेका यांच्यासह त्यांनी नूतन बालशिक्षण संघ ही सेवाभावी संस्था उभारली. १९४५ साली त्या बोर्डी गावी गेल्या. गरिबांची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. नुसती माया पुरत नाही, शिकवणाऱ्यालाही शिकावे लागते, हे जाणून त्यांनी बालवाडी शिक्षिका तयार केल्या. अनुताई वाघ त्यांच्याच हाताखाली घडल्या. १९७३ साली ताराबाई निवर्तल्या; १९७५ साली सरकारची अंगणवाडी योजना सुरू झाली.

प्रभू येशूने बालकांना जवळ घेतले. आपल्या मुलांना धर्मशिक्षण देणाऱ्या स्वयंसेवकांच्या तयारीसाठी आपण काय करतो?