कॉलिन चॅपमन : हलक्या गाडीचा ध्यास घेतलेला इंजिनिअर



विज्ञानात आपण जडत्व शिकवतो. सायकलच्या कॅरिअरवर धान्याचं पोतं ठेवलं की वळताना, ब्रेक लावताना किती जड जातं, हे मुलांना ठाऊक असतं. याच गोष्टीचा आयुष्यभर विचार करणाऱ्या इंजिनिअरची ही ओळख.

जन्म व शिक्षण : कॉलिन चॅपमन यांचा जन्म १९ मे १९२८ रोजी इंग्लंडमध्ये रिचमंड येथे झाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांनी स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग शिकलं, विमान चालवायलाही शिकले. विमानात फालतू वजन चालत नाही. मग गाडीत तरी कशाला?

कार्य : १९४८ मध्ये जुन्या ऑस्टिन सेव्हनला प्लायवूडची बॉडी बसवून त्यांनी पहिली गाडी बनवली. १९५२ मध्ये हेझल विल्यम्स यांच्याकडून २५ पौंड उसने घेऊन लोटस कंपनी काढली. हेझल पुढे त्यांच्या पत्नी झाल्या.

त्यांचा विचार साधा होता. इंजिनाची ताकद वाढवली तर गाडी मुख्यतः सरळ रस्त्यावर जोरात पळते. वजन घटवलं तर ती वळणावर, ब्रेक लावताना, सगळीकडेच चपळ होते. १९६२ च्या लोटस एलानमध्ये दुमडलेल्या पत्र्याचा कणा, वर फायबरग्लासची बॉडी. वजन ७०० किलोपेक्षा कमी! स्प्रिंग मऊ, चारही चाकं स्वतंत्र हलणारी, म्हणून खडबडीत रस्त्यावरही चाकं जमीन सोडत नसत. त्याच वर्षीच्या लोटस २५ या रेसगाडीत सांगाडाच नव्हता. बाहेरचं कवचच भार पेलायचं. १९६३ मध्ये जिम क्लार्क यांनी तिच्यावर जगज्जेतेपद मिळवलं.

दुसरी बाजू : पण लोटसचे भाग तुटायचेही. चालक योखेन रिंट यांनी १९६९ मध्ये चॅपमनना पत्र लिहून विनवलं होतं की थोडं वजन वाढलं तरी चालेल, पण कमजोर भाग मजबूत करा. १९७० मध्ये मोन्झा येथे सरावात लोटसच्याच अपघातात रिंट गेले. त्या वर्षीचं जगज्जेतेपद त्यांना मरणोत्तर मिळालं.

मृत्यू : १६ डिसेंबर १९८२ रोजी हृदयविकाराने चॅपमन यांचं निधन झालं. वय अवघं ५४.

वर्गात काय सांगाल? अनावश्यक ते काढणं ही कला आहे. पण अनावश्यक काय, हे ठरवताना गाडीत बसणाऱ्याचा जीव आधी मोजावा लागतो. मुलांना चॅपमन सांगाल तेव्हा रिंट यांचं पत्रही जरूर सांगा.