आरी, चामडं आणि सहा ठिपके

चामड्याचं काम कधी जवळून पाहिलंय? चाकूचं म्यान असो, कमरेचा पट्टा असो नाहीतर घोड्याचं खोगीर, हाताच्या कामाची रीत साधारण तीच. रापीनं चामडं कापायचं, आरीनं ओळीत भोकं पाडायची आणि मेण लावलेल्या दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावून प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी टाका घालायचा. एक टाका तुटला तरी शिवण उसवत नाही. पण गोम अशी की कापडावर टाका चुकला तर उसवता येतो, चामड्यात पडलेलं भोक मात्र बुजत नाही.

ही आरी एका मुलाच्या आयुष्यात फार लवकर आली. त्याचं नाव लुई ब्रेल.

पॅरिसच्या पूर्वेला साधारण ४० किलोमीटरवर कूव्रे नावाचं गाव आहे. ४ जानेवारी १८०९ ला लुई तिथं जन्मला. वडील सिमों-रेने खोगीर, लगाम, घोड्यांचा साज बनवायचे. घराला लागूनच कारखाना. लुई तीन वर्षांचा असताना तिथं एकटाच खेळत होता. बाबा करतात तसं आपणही करू, म्हणून त्यानं आरी उचलली आणि चामड्यावर दाबली. आरी सटकली, थेट डोळ्यात. तेव्हा जंतुसंसर्गावर धड औषध नव्हतं. दुसऱ्या डोळ्यालाही संसर्ग झाला आणि पाचव्या वर्षापर्यंत दोन्ही डोळे गेले.

त्या काळात अंध मुलाच्या नशिबी बहुतेक वेळा भीक मागणंच असायचं. सिमों-रेनेंनी ते होऊ दिलं नाही. मुलाला चालायला काठी करून दिली. लाकडाच्या फळीवर खिळे ठोकून अक्षरं तयार केली आणि पोरानं ती बोटांनी चाचपून शिकली. गावच्या शाळेत डोळस मुलांबरोबर बसून, नुसतं ऐकून लुई पुढं गेला. १८१९ मध्ये, दहाव्या वर्षी, त्याला पॅरिसच्या अंध मुलांच्या शाळेत प्रवेश मिळाला.

तिथं पुस्तकं होती, पण कशी? शाळेचे संस्थापक व्हॅलेंतिन आवी यांनी ओल्या कागदावर नेहमीची अक्षरं दाबून उठावदार केली होती. पुस्तकं अवजड आणि मोजकी. एकेक अक्षर बोटानं चाचपत वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरायला व्हायची. आणि मुलांना स्वतः काही लिहायचं असेल तर? त्याची सोयच नव्हती. खरी अडचण इथंच होती. ही पद्धत डोळस माणसानं डोळ्यांना पटेल अशी बनवली होती आणि वाचायचं होतं बोटांनी.

१८२१ मध्ये फ्रेंच लष्करात काम केलेल्या चार्ल्स बार्बिए यांची एक पद्धत शाळेत आली. कागदावर टोच्यानं ठिपके उठवायचे. ठिपका बोटाला चटकन कळतो, हे लुईच्या लगेच लक्षात आलं. पण बार्बिए यांचं एक चिन्ह १२ ठिपक्यांपर्यंत जायचं, म्हणजे एका बोटाखाली मावायचंच नाही. शिवाय ते अक्षरांवर नाही तर उच्चारांवर चालायचं. ना स्पेलिंग, ना विरामचिन्हं.

लुई तेव्हा बारा वर्षांचा. पुढची तीन वर्षं शाळा झाल्यावर, सुट्टीत, रात्री तो ठिपके कमी करत बसला. १८२४ मध्ये पंधराव्या वर्षी उत्तर सापडलं. तीन-तीनच्या दोन उभ्या ओळी, एकूण सहा ठिपके. बोटाच्या टोकाखाली अख्खं अक्षर एका स्पर्शात. सहा ठिपक्यांतून ६३ वेगवेगळी चिन्हं होतात, त्यात अक्षरं, अंक, विरामचिन्हं सगळं बसतं. पुढे त्यानं यातच संगीताची लिपीही बसवली, कारण तो स्वतः उत्तम ऑर्गन वाजवायचा. ज्या आरीनं डोळे गेले तिनंच त्यानं लिपी शोधली, असं सांगायला छान वाटतं. पण टोचा आणि पाटी बार्बिए यांची होती. लुईनं काय केलं? दुसऱ्याची अर्धवट जमलेली कल्पना घेतली आणि स्वतःच्या बोटांवर तपासत ती पूर्ण केली. १८२९ मध्ये पद्धत छापली तेव्हा बार्बिए यांचं श्रेय द्यायला तो विसरला नाही.

मग लगेच जग बदललं? छे! लुई त्याच शाळेत शिक्षक झाला, मुलं त्याची लिपी भराभर शिकली, पण अधिकृत मान्यता काही मिळेना. १८४० मध्ये नवे प्राचार्य आले आणि त्यांनी ठिपक्यांना मनाईच केली. अंधांची लिपी डोळसांपेक्षा वेगळी असली तर ते समाजापासून तुटतील, असा विरोधकांचा सूर होता. मुलं ऐकतायत होय? ती चोरून ठिपक्यांतच लिहीत राहिली. शेवटी १८४४ मध्ये शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला लिपीचं जाहीर प्रात्यक्षिक झालं आणि विरोध मावळला.

लुईला तोवर क्षयानं पोखरलं होतं. ६ जानेवारी १८५२ ला, ४३ व्या वर्षी तो गेला. शाळेनं त्याची लिपी अधिकृतपणे स्वीकारली १८५४ मध्ये. त्याला ते कळलंच नाही. १९५२ मध्ये फ्रान्सनं त्याचे अवशेष पॅरिसच्या पँथेऑनमध्ये सन्मानानं नेले. हात मात्र कूव्रेतच राहिले.

आपल्याकडे १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरली. मराठी त्याच सहा ठिपक्यांत लिहिली जाते. मराठीतला ‘क’ आणि इंग्रजीतला ‘के’ यांना चिन्ह एकच. २००९ मध्ये लुईच्या जन्माला २०० वर्षं झाली तेव्हा भारत सरकारनं त्याच्या चित्राचं २ रुपयांचं नाणंही काढलं होतं.

आता तुमच्याकडे या. उद्या तुम्ही अॅप बनवाल, इमारतीचा आराखडा काढाल, शाळेत शिकवाल नाहीतर एखाद्या एनजीओत काम कराल. समोरच्याच्या भल्यासाठीच कराल. आवी यांचाही हेतू चांगलाच होता. मात्र ती वस्तू ज्याच्या हातात जाणार, त्याच्या बोटांना ती कशी लागते हे विचारायचं राहून जातं. शेवटच्या बाकावरच्या पंधरा वर्षांच्या पोराकडे त्याचं उत्तर असू शकतं. त्याला एकदा विचारून तर बघा.