प्लेगच्या लशीचे जनक हाफकिन

इ. स. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागातील दाट वस्तीत एक विलक्षण ताप सुरू झाला. रोग्याच्या जांघेत किंवा काखेत गाठ येई, ताप भडके, वात होई आणि थोड्याच दिवसांत धडधाकट माणूस हातचा जाई. मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगास हे त्या वेळी त्या भागात वैद्यकी करीत असत. हा ताप म्हणजे प्लेग होय, हे त्यांनी प्रथम ओळखले. आरंभी पुष्कळांचा त्यावर विश्वास बसला नाही. परंतु रोगाला विश्वास-अविश्वासाची पर्वा नव्हती. तो मांडवीतून गिरगावात, भायखळ्यात, परळात पसरला. गिरण्यांचे भोंगे वाजत, पण कामगार येत नसत. पुढच्या वर्षाच्या प्रारंभापर्यंत शहराची जवळजवळ निम्मी वस्ती गाव सोडून निघून गेली. जे गरीब होते, ज्यांना जायला अन्यत्र घर नव्हते, ते अंधाऱ्या चाळींच्या कोंदट खोल्यांत मागे राहिले, आणि मरणाने मुख्यतः त्यांनाच गाठले.

मुंबईचा प्लेग पुण्यालाही पोहोचला. तेथे रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले ह्यांना त्याची बाधा झाली व १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. सरकारने फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांसंबंधी कडक कायदा केला. घरांची झडती घेणे, रोग्यांना बळाने रुग्णालयात नेणे, सामानसुमान जाळणे असे प्रकार सुरू झाले. ह्या जुलमामुळे पुण्यात केवढा क्षोभ उसळला व २२ जून १८९७ च्या रात्री रँडसाहेबावर गोळी कशी झाडली गेली, हे इतिहासाच्या पुस्तकात आपण वाचतोच. रोगाहून उपाय भयंकर वाटावा, असे ते दिवस होते.

अशा वेळी, ऑक्टोबर १८९६ मध्ये, छत्तीस वर्षांचा एक परदेशी गृहस्थ कलकत्त्याहून मुंबईस आला. तो इंग्रज नव्हता आणि वैद्यकाची पदवी घेतलेला डॉक्टरही नव्हता. त्याचा मूळ विषय प्राणिशास्त्र. त्याचे नाव वाल्डेमार हाफकिन.

हाफकिन ह्यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठावरील ओडेसा ह्या शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसा आज युक्रेनमध्ये आहे. त्या काळी ते रशियाच्या झारच्या साम्राज्यात होते. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांना मेचनिकोफ ह्यांच्यासारखा थोर गुरू लाभला. पुढे १९०८ मध्ये ज्यांना नोबेल पारितोषिक मिळाले तेच हे मेचनिकोफ. परंतु झारच्या राज्यात ज्यू विद्यार्थ्याची वाट काट्याकुट्यांची होती. ज्यू वस्तीवर जमावाने हल्ला केला असता हाफकिन आपल्या बांधवांच्या रक्षणासाठी उभे राहिले, जखमी झाले आणि वर पकडलेही गेले. गुरूंच्या रदबदलीने त्यांची सुटका झाली. धर्म बदलला असता तर त्यांना प्राध्यापकाची जागा मिळाली असती, पण त्यांनी ती स्वीकारली नाही. काही वर्षे ओडेसातील प्राणिशास्त्रविषयक वस्तुसंग्रहालयात काम करून ते १८८८ मध्ये स्वित्झर्लंडला गेले व तेथून पुढच्या वर्षी पॅरिसला पोहोचले. तेथील पाश्चर संस्थेत तेव्हा एकच जागा रिकामी होती, आणि ती ग्रंथालयात. हाफकिन ह्यांनी ती आनंदाने पत्करली. दिवसा ग्रंथ लावावेत व उरलेल्या वेळी प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाशी बसावे, असा त्यांचा क्रम सुरू झाला.

त्या काळी पटकी, म्हणजे कॉलरा, हा जगाचा कर्दनकाळ होता. १८९२ मध्ये रशियात व जर्मनीतील हांबुर्ग शहरात त्याने हाहाकार उडविला. पटकीचे जंतू विशिष्ट रीतीने वाढवून हाफकिन ह्यांनी एक लस सिद्ध केली. प्राण्यांवर ती उपयोगी ठरली. परंतु माणसाला ती टोचणे निर्धोक आहे, हे कसे ठरणार? दुसऱ्या कोणाचा जीव धोक्यात घालण्यापेक्षा १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती स्वतःच्या अंगात टोचून घेतली. ताप आला, टोचलेली जागा दुखली, आणि काही दिवसांत ते पूर्ववत झाले.

हिंदुस्थानचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन हे तेव्हा पॅरिसला इंग्लंडचे वकील होते. पटकीशी सामना करायचा तर बंगालसारखी दुसरी भूमी नाही, हे त्यांनी हाफकिन ह्यांना सुचविले. त्याप्रमाणे १८९३ च्या मार्चमध्ये ते कलकत्त्यास आले. कलकत्त्याच्या बस्त्या म्हणजे मातीच्या झोपड्यांचे पुंजके. ज्या तळ्याचे पाणी पिण्याला, त्याच तळ्यात धुणे आणि तेथेच घाण. पटकीचे जंतू वाढायला ह्याहून सोयीची जागा कोठली? पण परक्या साहेबाच्या हातातील सुई पाहून लोक बिचकत. काही ठिकाणी तर त्यांच्यावर दगडही आले. तेव्हा हाफकिन ह्यांच्या सोबतीच्या बंगाली डॉक्टरांनी लोकांसमक्ष स्वतः लस टोचून घेतली आणि मग कोठे माणसे पुढे आली. परक्या विद्वानाच्या यशात ह्या देशी डॉक्टरांचा वाटा केवढा मोठा होता, हे सांगायला चरित्रकार बहुधा विसरतात.

१८९४ मध्ये काटाल बागान नावाच्या वस्तीत पटकीचे रोगी आढळले. तेथील सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांना लस टोचण्यात आली. त्यानंतर त्या वस्तीत आणखी दहा जणांना पटकी झाली व त्यांपैकी सातजण दगावले. हे दहाही जण न टोचलेल्यांपैकी होते. एकाच विहिरीचे पाणी पिणारी, एकाच आळीत राहणारी माणसे, त्यांतील काहींना टोचावे, काहींना न टोचावे, आणि मग दोहोंची तुलना करावी, ही हाफकिन ह्यांची रीत. आज कोणतेही नवे औषध अशाच तुलनेने पारखले जाते. त्या काळी मात्र इतक्या काटेकोरपणे लशीची परीक्षा करणारे शास्त्रज्ञ विरळा होते. आसामातील चहाच्या मळ्यांतून हिंडून, हिवतापाने जर्जर होऊन ते मध्यंतरी युरोपला परतले व प्रकृती सुधारताच पुन्हा कलकत्त्यास आले. तोच मुंबईचे बोलावणे आले.

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक लहानशी खोली मिळाली. हाताखाली एक कारकून व तीन शिपाई. प्रयोगशाळेचे काम त्यांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. ह्या तुटपुंज्या सामग्रीवर त्यांनी अहोरात्र काम केले. प्लेगचे जंतू येर्सिन ह्या शास्त्रज्ञाने १८९४ मध्ये हाँगकाँगला शोधून काढले होते. तेव्हा शत्रू कोण ते ठाऊक होते. प्रश्न होता तो त्याला विपुल प्रमाणात वाढविण्याचा. जंतू मांसाच्या अर्कात वाढतात. गाईचे वा डुकराचे मांस वापरले तर हिंदू व मुसलमान कोणीच ती लस घेणार नाही, हे जाणून हाफकिन ह्यांनी शेळीच्या मांसाचा अर्क वापरला. त्या अर्कावर तुपाचे थेंब सोडले की ते वर तरंगत, आणि त्यांच्या खालच्या बाजूने जंतूंचे धागे गुहेतील चुनखडीच्या लोलकांप्रमाणे खाली लोंबत. भांडे हलविले की हे धागे तळाशी बसत व वर नवे वाढू लागत. असे काही आठवडे चालले की जंतूंनी दाट झालेला तो अर्क तापवून जंतू मारावयाचे आणि त्यात थोडे कार्बोलिक ॲसिड मिसळावयाचे. मेलेले जंतू रोग उत्पन्न करीत नाहीत. पण त्यांची ओळख पटून शरीर आपल्या संरक्षणाची तयारी मात्र करून ठेवते. आपल्या स्वयंपाकघरातील तुपाचा असा उपयोग होईल, हे कोणाच्या स्वप्नातही आले नसेल!

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन ह्यांनी ही नवी लसही प्रथम स्वतःलाच टोचून घेतली, आणि तीही इतरांना द्यावयाच्या मात्रेपेक्षा कितीतरी मोठ्या प्रमाणात. सणसणून ताप चढला; पण जीवाला अपाय झाला नाही. त्या महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील कैद्यांपैकी जे स्वेच्छेने पुढे आले, अशा सुमारे निम्म्यांना लस देण्यात आली. उरलेल्यांत प्लेगने माणसे मेली. लस अंगात भिनल्यावर मात्र टोचलेल्यांपैकी कोणी दगावले नाही. पुढच्या वर्षी बडोदे संस्थानातील उंधेरा गावी घराघरांतील निम्म्या माणसांना लस देऊन हीच परीक्षा पुन्हा पाहिली, आणि तेथेही न टोचलेल्यांतील मृत्यू कितीतरी पटींनी अधिक भरले. ह्या लशीने प्लेग सर्वस्वी टळे असे नाही. परंतु मरणाचे प्रमाण पुष्कळच खाली येई.

लशीविषयी नाना प्रकारच्या अफवा उठत होत्या. त्या शमविण्याच्या कामी खोजा समाजाचे तरुण धर्मगुरू आगाखान ह्यांनी मोठे साहाय्य केले. त्यांनी आपल्या अनुयायांसमक्ष स्वतः लस टोचून घेतली, तीही एकदा नव्हे, अनेकदा; शिवाय माझगावातील आपला बंगला प्रयोगशाळेसाठी खुला केला. मागणी वाढत गेली तशी तीही जागा अपुरी पडली. अखेर ऑगस्ट १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या सरकारवाड्यात गेली. एके काळी मुंबईचे गव्हर्नर ह्या वाड्यात राहत. १८८२ मध्ये गव्हर्नरांच्या पत्नी लेडी फर्ग्युसन तेथेच पटकीने वारल्या आणि गव्हर्नरांनी मलबार हिल जवळ केली. साथीच्या भीतीने ओस पडलेल्या वाड्यात साथींशी झुंजणारी माणसे येऊन राहिली.

आता हाफकिन ह्यांची कीर्ती सर्वदूर पसरली होती. परंतु नियतीने त्यांच्यासाठी एक क्रूर प्रसंग राखून ठेवला होता. पंजाबात प्लेग भडकला होता व सरकारने तेथे प्रचंड प्रमाणावर टोचणी करण्याचे ठरविले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुल्कोवाल ह्या खेड्यात १०७ जणांना लस टोचली गेली. थोड्याच दिवसांनी त्यांपैकी एकोणीस जणांना धनुर्वात झाला व ते सर्व मरण पावले. ह्या एकोणिसांना एकाच बाटलीतील लस दिली गेली होती. इतर बाटल्यांतील लस घेतलेल्यांना काहीच झाले नव्हते.

चौकशी समिती नेमली गेली. लस अधिक वेगाने तयार व्हावी म्हणून हाफकिन ह्यांनी कृतीत फेरफार केला होता व कार्बोलिक ॲसिड वगळून जंतू मारण्यासाठी केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली होती. त्यावर बोट ठेवून, दोष परळच्या प्रयोगशाळेतच घडला असावा, असे समितीने म्हटले. हाफकिन पदावरून दूर झाले व १९०४ मध्ये इंग्लंडला गेले. ज्याने आपली लस प्रत्येक वेळी प्रथम स्वतःच्या देहावर पारखली, त्याच्यावर एकोणीस माणसांच्या मृत्यूचा आळ आला. ते वैद्यक खात्यातील नव्हते, परदेशी होते, ज्यू होते. ह्या गोष्टी निर्णय देणाऱ्यांच्या मनात मुळीच आल्या नसतील, असे मानणे कठीण आहे.

कागदपत्रे प्रसिद्ध झाली तेव्हा खरा प्रकार उजेडात आला. मुल्कोवालला ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातातील चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच त्याने बुचाला लावला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे सर्वश्रुतच आहे. शिवाय ते जंतू बाटलीत आधीपासून वाढत असते, तर ती उघडताच दुर्गंधी सुटली असती. तशी ती सुटली नव्हती. हिवतापाचा प्रसार डासांमुळे होतो हे सिद्ध करणारे सर रोनाल्ड रॉस हाफकिन ह्यांच्या बाजूने उभे राहिले. १९०७ च्या जुलैत त्यांच्यासह दहा नामांकित शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रात पत्र लिहून हा अन्याय जगापुढे मांडला. त्याच वर्षी सरकारला माघार घ्यावी लागली व हाफकिन ह्यांना पुन्हा हिंदुस्थानात नेमण्यात आले.

पण ही नेमणूक परळला नव्हती. कलकत्त्याच्या प्रयोगशाळेचे ते संचालक झाले. नव्या लशींचे माणसांवर प्रयोग करण्याची परवानगी मात्र त्यांना मिळाली नाही. सुमारे सात वर्षे तेथे काढून ते निवृत्त झाले व युरोपला परतले. ते आजन्म अविवाहित राहिले. उतारवयात त्यांनी आपली मिळकत पूर्व युरोपातील ज्यू मुलांच्या शिक्षणासाठी दिली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान शहरी त्यांचे निधन झाले.

त्यापूर्वी पाच वर्षे, १९२५ मध्ये, परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन इन्स्टिट्यूट असे नाव देण्यात आले होते. तोपर्यंत तेथून प्लेगच्या लशीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या होत्या. १९३२ मध्ये साहिबसिंग सोखी हे तिचे पहिले भारतीय संचालक झाले. १९६४ मध्ये भारत सरकारने हाफकिन ह्यांचे चित्र असलेले टपाल तिकीट काढले. पुढे १९७० नंतरच्या काळात लशी व औषधे तयार करण्याचे काम संस्थेतून वेगळे काढून महाराष्ट्र शासनाच्या एका महामंडळाकडे सोपविण्यात आले. हाफकिन ह्यांचेच नाव धारण करणाऱ्या ह्या महामंडळाने पोलिओच्या तोंडावाटे द्यावयाच्या लशीच्या कोट्यवधी मात्रा पुरविल्या. त्यांतील पुष्कळशा संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीमार्फत इतर देशांतील बालकांनाही मिळाल्या. भारतात पोलिओचा शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र मिळाले. तो शेवटचा रोगी म्हणजे दोन वर्षेही पुरी न झालेली एक लहान मुलगी होती, आणि ती बंगालमधील हावडा जिल्ह्यातली होती. हाफकिन ह्यांनी ज्या कलकत्त्याच्या बस्त्यांतून आपले काम सुरू केले, त्या कलकत्त्यापासून हुगळी नदी ओलांडली की हावडा लागते.