लुई ब्रेल : एका कारागिराचा मुलगा

दोन वर्षांपूर्वी एक आई आपल्या अंध मुलीला घेऊन मंडळाच्या शिवणवर्गात आली. वर्गाची जबाबदारी माझ्याकडे. सुई टोचेल, कात्री लागेल, असे सांगून मी गोड शब्दांत दोघींना परत पाठविले. ती मला दयाच वाटली. पुढे लुई ब्रेल यांचे चरित्र वाचनात आले आणि माझी मलाच लाज वाटली. तेच आज थोडक्यात सांगते.

लुई यांचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी पॅरिसजवळच्या कूव्रे या खेड्यात झाला. वडील घोड्यांचा साज बनविणारे कारागीर. तीन वर्षांचा लुई त्यांच्या कामाच्या जागी खेळत असता चामड्याची आरी डोळ्यात घुसली. विकार दुसऱ्या डोळ्यातही पसरला आणि मुलगा दोन्ही डोळ्यांनी आंधळा झाला.

एखाद्या बापाने यानंतर मुलाला हत्यारांच्या आसपासही फिरकू दिले नसते. या बापाने तसे केले नाही. फळीवर खिळे ठोकून त्याने अक्षरे तयार केली आणि ती मुलाला बोटांनी ओळखायला शिकविली. साजाला लावायच्या झालरी त्याच्याकडून करून घेतल्या. गावच्या शाळेत लुई डोळस मुलांच्या शेजारी बसून शिकला.

१८१९ मध्ये तो पॅरिसच्या अंध मुलांच्या शाळेत दाखल झाला. तेथे विद्येबरोबर संगीत आणि हातकामही शिकवीत. पुस्तके मात्र मोजकीच, उठावदार अक्षरांची आणि जड. ती कशीबशी वाचता येत, पण मुलांना स्वतः लिहिता येत नसे. शार्ल बार्बिए नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने उठावदार ठिपक्यांची एक लिपी शोधली होती. तिच्यात एका खुणेला बारापर्यंत ठिपके लागत. ते एका बोटाखाली मावत नसत. लुईने बारांचे सहा केले. १८२४ साली, अवघ्या पंधराव्या वर्षी, त्याची लिपी बहुतेक तयार झाली होती. ज्या आरीने दृष्टी नेली, तिच्यासारख्याच टोकदार सळईने तो कागदावर ठिपके उठवू लागला. १८२९ मध्ये लिपीचे पुस्तक निघाले. १८३३ मध्ये ते त्याच शाळेत शिक्षक झाले. ते उत्तम ऑर्गनवादकही होते.

तरीही डोळसांना ही लिपी रुचेना. १८४० मध्ये आलेल्या मुख्याध्यापकांनी ती शाळेत बंद केली. मुले लपूनछपून लिहीत राहिली. त्यांना कोण अडविणार? १८४४ साली शाळेच्या नव्या इमारतीच्या समारंभात तिचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. ६ जानेवारी १८५२ रोजी, त्रेचाळिसाव्या वर्षी, क्षयाने ब्रेल यांचा अंत झाला. शाळेने लिपी अधिकृतपणे स्वीकारली ती १८५४ मध्ये! १९५२ साली त्यांच्या अस्थी पॅरिसच्या पाँतेऑन स्मारकात नेल्या. हात मात्र कूव्रेच्या मातीतच ठेवले. १९५१ मध्ये ठरलेल्या भारती ब्रेलमुळे आपली मराठीही त्याच सहा ठिपक्यांत लिहिली जाते.

हे चरित्र मिटले आणि मी त्या मुलीच्या घरी गेले. आईची क्षमा मागितली. मग आम्ही मोजपट्टीच्या टेपला इंचाइंचावर गाठीचा टाका घातला, दाबताच दोरा आत जाणाऱ्या सुया आणल्या आणि कात्रीची जागा टेबलावर कायमची ठरवून दिली. पहिल्या महिन्यात तिच्या बोटांना सुई टोचली, हे खरे. पण ती माझ्याही बोटांना टोचली होतीच की! आज ती उशांचे अभ्रे सरळ शिवते आणि त्याचे पैसे स्वतः मोजून घेते.

आपल्यापैकी कित्येकींची शिवणाची, खाद्यपदार्थांची, विणकामाची छोटी कामे आहेत. कोणाचे आंधळे, बहिरे किंवा उशिरा समजणारे मूल शिकायला आले, तर त्याला जमेल का, हे आधी विचारू नये. आपल्याला फळीवर कोणते खिळे ठोकावे लागतील, एवढे पाहावे.