साताऱ्याचा विद्यार्थी, विजेचा धोरणकर्ता

डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटले की राज्यघटना आठवते. परंतु देशाच्या वीजव्यवस्थेची पायाभरणीही त्यांच्या कारकिर्दीत झाली, हे फारसे सांगितले जात नाही.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांचे बालपण साताऱ्यात गेले. आई भीमाबाईंचे छत्र येथेच हरपले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचे नाव येथील सरकारी हायस्कुलात दाखल झाले. तेच आजचे प्रतापसिंह हायस्कूल. १९०१ च्या सुमारास वडिलांकडे निघालेल्या या भावंडांना मसूर स्थानकावर, जात कळताच, गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे देऊन मुलांनीच गाडी हाकली. अंधारात दूरवर टोलनाक्याचा दिवा दिसला, पण तेथेही पाणी मिळाले नाही. पुढे मुंबईत परळच्या चाळीतील एका खोलीत, पहाटे रॉकेलच्या दिव्यावर त्यांनी अभ्यास केला आणि न्यूयॉर्क-लंडनपर्यंत मजल मारली.

१९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. वीज हा विषय त्यांच्याच खात्याकडे होता. वीज मुबलक हवी आणि स्वस्तही हवी, त्याखेरीज उद्योग वाढणार नाहीत व दारिद्र्य हटणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. त्या काळातील पूर्वतयारीतून १९४८ चा वीजपुरवठा कायदा आकारास आला. राज्य वीज मंडळे याच कायद्यान्वये उभी राहिली. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे निर्वाण झाले. त्यांचे बालपण गेलेल्या सातारा जिल्ह्यातील कोयनेच्या पाण्यावर पुढे वीज निर्माण होऊ लागली.

१९६० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य वीज मंडळाच्या विभाजनातून २००५ मध्ये महावितरण कंपनी आली. ग्राहकांकडील विजेची मागणी आटोक्यात ठेवण्याच्या योजना वितरण कंपन्यांनी राबवाव्यात, यासाठी राज्य वीज नियामक आयोगाने २०१० मध्ये विनियम केले. दुकाने व कार्यालयांतील दिवे हे त्यातील सोपे क्षेत्र. सातारा किंवा सांगलीच्या बाजारपेठेतील एखाद्या दुकानात ५० वॅट खाणाऱ्या २० जुन्या ट्यूबलाइट काढून २० वॅटच्या एलईडी नळ्या बसविल्या, तर दहा तासांत सहा युनिट वाचतात.

वाचलेले युनिट म्हणजे नव्याने निर्माण न करावी लागलेली वीज. वीज स्वस्त आणि मुबलक ठेवण्याचा हाही एक मार्ग आहे. बाबासाहेबांचे स्मरण करताना त्यांच्या कार्याची ही बाजूही ध्यानात असावी.