प्रसूतिकक्षातील घंटा : डॉ. इग्नाझ सेमेलवाइस

सोनई व आसपासच्या उसाच्या पट्ट्यातून अनेक माता सिझेरियन शस्त्रक्रियेसाठी तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या ठिकाणी जातात. ऑपरेशन पार पडते, बाळ सुखरूप असते, पेढे वाटले जातात. आणि एखादीच्या टाक्यांतून आठव्या दिवशी पू येऊ लागतो. मग घरात भाताला, आंबटाला, नाहीतर दृष्टीला दोष दिला जातो. बाळंतिणीची जखम का चिघळते याची कारणे अंदाजाने न सांगता मोजून शोधणाऱ्या एका डॉक्टरांचे चरित्र म्हणूनच आपल्या वाचकांपुढे ठेवीत आहे.

इग्नाझ सेमेलवाइस यांचा जन्म 1 जुलै 1818 रोजी हंगेरीतील बुडा येथे एका किराणा व्यापाऱ्याच्या कुटुंबात झाला. 1844 मध्ये ते व्हिएन्ना येथे डॉक्टर झाले व 1846 मध्ये तेथील सार्वजनिक रुग्णालयाच्या पहिल्या प्रसूतिविभागात सहायक म्हणून रुजू झाले. या विभागात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, तर शेजारच्या दुसऱ्या विभागात सुईणी. 1841 ते 1846 या काळात पहिल्या विभागात शंभरातील सुमारे दहा माता मरण पावल्या. दुसऱ्यात चारांहून कमी. शहरातील गरीब स्त्रियांना हे ठाऊक होते. पहिल्या विभागात नको म्हणून त्या रडून विनवण्या करीत.

सेमेलवाइस यांनी एकेक कारण तपासले. गर्दी? ती दुसऱ्या विभागात अधिक होती. हवा? ती दोन्हीकडे सारखीच. एक संशय तर धर्मगुरूंवरही होता. मरणोन्मुख मातांना अखेरचे साक्रामेंत देण्यासाठी धर्मगुरू येत, तेव्हा पुढे घंटा वाजवणारा सेवक असे. पहिल्या विभागात त्यांना पाच दालने ओलांडून जावे लागे व त्या घंटेच्या भीतीनेच बाळंतिणी आजारी पडतात, असे काहींना वाटे. सेमेलवाइस यांनी धर्मगुरूंना आडवाटेने, घंटा न वाजवता येण्याची विनंती केली. त्यांनी ती मानली. मृत्यू मात्र थांबले नाहीत. रुग्णाभ्यंगासाठी रुग्णालयात जाताना मला हा प्रसंग हटकून आठवतो.

दोन गोष्टींनी त्यांना चक्रावून सोडले. रुग्णालयात पोहोचण्यापूर्वी रस्त्यातच बाळंत झालेल्या स्त्रिया क्वचितच आजारी पडत. उलट, जिच्या कळा दिवसभराहून अधिक लांबत, ती पहिल्या विभागात बहुधा दगावे. उलगडा मार्च 1847 मध्ये झाला. शवविच्छेदन करताना विद्यार्थ्याची सुरी बोटाला लागून त्यांचे मित्र प्राध्यापक कोलेत्श्का वारले. त्यांच्या शरीरात तीच लक्षणे आढळली, जी मृत मातांमध्ये दिसत. विद्यार्थी व डॉक्टर शवागारातून थेट प्रसूतिकक्षात येत होते. जिच्या कळा लांबत तिची तपासणी अधिक वेळा, अधिक हातांनी होई. रस्त्यावर बाळंत झालेलीला कोणाचाच हात लागलेला नसे.

मे 1847 च्या मध्यापासून त्यांनी प्रत्येकाला क्लोरिनच्या द्रावणाने हात धुणे सक्तीचे केले. पुढे त्यासाठी आपण विहिरीत टाकतो तीच ब्लीचिंग पावडर वापरली गेली. एप्रिलमध्ये अठरा टक्क्यांवर असलेले मृत्यू जुलैत सव्वा टक्क्यावर आले. 1848 च्या मार्च व ऑगस्टमध्ये एकही माता दगावली नाही. मध्यंतरी ऑक्टोबर 1847 मध्ये गर्भाशयाच्या वाहत्या कर्करोगाच्या एका रुग्णेला तपासून त्याच हातांनी पुढच्या खाटांवरील मातांना तपासले गेले. बारांपैकी अकरा जणी गेल्या. तेव्हा कळले, की विष केवळ प्रेतातून येत नाही, जिवंत माणसाच्या जखमेतूनही येते. मग दर तपासणीनंतर हात धुण्याचा नियम झाला.

आज सिझेरियननंतर जखम चिघळण्याचा धोका कोणाला अधिक, हे पाहताना डॉक्टर मधुमेह, लठ्ठपणा, रक्ताची कमतरता तर विचारतातच; शिवाय पाणमोट फुटून किती तास झाले, कळा किती लांबल्या, आतून तपासणी किती वेळा झाली, हेही विचारतात. यांतील शेवटचे दोन प्रश्न सेमेलवाइस यांच्या नोंदींशी थेट जुळतात. त्यांच्या काळी पोट उघडून बाळ काढले, तर आई बहुधा वाचतच नसे.

वरिष्ठांनी त्यांना साथ दिली नाही. 1849 मध्ये त्यांची मुदत वाढवली गेली नाही. पुढच्या वर्षी ते व्हिएन्ना सोडून पेस्टला परतले. तेथील सेंट रोखुस रुग्णालयात सहा वर्षांत झालेल्या 933 प्रसूतींपैकी केवळ आठ माता बाळंतज्वराने दगावल्या. पण आपले संशोधन त्यांनी सविस्तर लिहिले ते फार उशिरा, 1861 च्या ग्रंथात. आणि नंतर प्राध्यापकांना मारेकरी ठरवणारी उघड पत्रे लिहिली. सत्य त्यांच्या बाजूने होते, संयम नव्हता. या दोन्हींची किंमत मातांनी मोजली असे मला वाटते.

जुलै 1865 मध्ये मन:स्वास्थ्य बिघडल्याने त्यांना व्हिएन्नातील मनोरुग्णालयात नेण्यात आले. दोनच आठवड्यांनी, 13 ऑगस्ट रोजी, वयाच्या 47 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. कारण होते जखमेतून रक्तात पसरलेला जंतुदोष; बोटावरील जखम चिघळलेली होती. आदल्याच दिवशी ग्लासगोमध्ये जोसेफ लिस्टर यांनी एका मुलाच्या मोडलेल्या पायाच्या जखमेवर कार्बोलिक आम्लाची पट्टी बांधली होती.